दुखणं दिसंल अशी जागा

मी शिवम्माची बाज बोलतेय. शपथेवर सांगते, यातलं सगळं खरं हाय. आता शपथ घ्यायला मला हात न्हाईत, नुसते चार पाय हायेत, अन् बरंचसं मी खालूनच बघितलेलं हाय. तेवढं सांभाळून घ्या.

उदगीरच्या अलीकडं आमचं गाव. दवाखाना नव्हता. आजारी माणसाला माझ्यावर घालायचं अन् चौघांनी खांद्यावर न्यायचं. शिवम्माची सून महादेवी, तिचं पहिलं लेकरू असंच वाटेत माझ्यावर जन्मलं अन् वाटेतच गेलं. आता तिचे पुन्हा दिवस भरत आले होते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळ जुनाच होता. महादेवीचा नवरा शरणप्पा म्हणाला, नव्या कलेक्टर साहेबाकडं दवाखाना मागू, अर्जाला फोटो जोडू, फोटोत दुखणं अन् निराशा दिसली पाहिजे. त्यानं लातुरातून सिद्धेश्वर फोटोग्राफर आणला. त्यानं जन्मभर लग्नाचेच फोटो काढले होते.

आजारी म्हणून शिवम्माला निवडलं, कारण ती रिकामी होती. फोटो म्हटल्यावर ती इरकल नेसून, बोरमाळ घालून माझ्यावर आडवी झाली.

आधी मला आटलेल्या विहिरीपाशी ठेवलं. तेवढ्यात टँकर आला अन् सगळं गाव हसत फोटोत शिरलं. मग वठलेल्या लिंबाखाली नेलं. जागा लई उदास. पर सिद्धेश्वर सवयीनं म्हणाला, हसा जरा, अन् शिवम्मा हसली. मग त्यानं मसणवटा सुचवला. शिवम्मानं उठून बसून तिकडं नीट बघितलं.

"जागा चांगली हाय," ती म्हणाली. "पर आज नको."

शेवटी नदीचं कोरडं पात्र ठरलं. चौघांनी मला शिवम्मासकट उचललं अन् सडकेनं निघाले. समोरून सरकारी जीप आली. खांद्यावरची बाज बघून थांबली. सौदामिनी डॉक्टरीणबाई उतरल्या, त्यांनी शिवम्माची नाडी धरली. बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई, असं बजावलेलं. म्हणून शिवम्मा नुसती कण्हत राहिली.

"हिला झालंय काय?"

"निराशा," शरणप्पा म्हणाला.

बाई लई तापल्या. तवा त्यानं खरं ते सांगून टाकलं. ऐकता ऐकता बाईंची नजर मागं गेली. महादेवी कॅमेऱ्यावर छत्री धरून चालत होती, सकाळपासून. पाय सुजून खांबागत झाले होते.

"अन् ही?"

"ती कुठं आजारी हाय?" शिवम्मा बोलली. "गरवार हाय नुसती."

"उठा आजी," बाई म्हणाल्या. "बाज हिची आहे."

महादेवीला जीपमधे घेतलं. सुनेला दुसरीकडं झोप येत न्हाई म्हणून शिवम्मानं हट्टानं मलाबी टपावर बांधायला लावलं. सिद्धेश्वरच्या रोलात एकच फोटो उरला होता. तो पुन्हा म्हणाला, हसा. महादेवी हसली.

लेकरू लातुरात, दवाखान्यात झालं. पोरगी. अशी रडायला लागली की थांबंना. शरणप्पा दाराबाहेर बसून ऐकत होता अन् कुणी तिला गप करू नये म्हणत होता.

अर्जाला तोच हसरा फोटो जोडला. साहेबानं विचारलं म्हणे, जीपवर बाज का? मग संगं गेलेल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं, पहिल्या लेकरासकट.

आता गावात दोन खोल्यांचा दवाखाना हाय अन् मी त्याच्या ओसरीत. नंबर येईपर्यंत लोक माझ्यावर बसतात.

तुमीबी लई येळ बसलात. फुकट न्हाई हे. उठा, अन् माझी पायाकडची दोरी जरा ताणून बांधा. तुमच्यामुळंच ढिली झालीय.