चप्पल, वाळवी आणि माझं डावं फुप्फुस

मी बोलतोय. हो, मीच, वैद्यकीय वर्गाच्या कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा माणूस. माणूस म्हणजे कमरेपर्यंतच. पाय कारखान्याने दिलेच नाहीत. त्यामुळे व्याख्यान कितीही कंटाळवाणं असलं तरी मला उठून जाता आलं नाही.

माझा जन्म साच्यात झाला. रंग देणाऱ्या बाईंचं त्या दिवशी घरी काहीतरी बिनसलं असावं, कारण माझ्या भुवया कायमच्या चढलेल्या आहेत. छातीचं झाकण काढलं की आत हृदय, फुप्फुसं, यकृत, आतडी, सगळं सुटं. मुलं ते हौसेनं काढायची आणि घाईनं कोंबायची. यकृत उजवीकडे असतं हे प्रत्येकाला पाठ. पण कुणाच्या उजवीकडे, याचा विचार कोण करतो? एकदा चार महिने माझं यकृत डावीकडे होतं. एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि सगळे पास झाले.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे भरधाव म्हणत, कारण क्षयरोगावरचं अख्खं प्रकरण ती एका श्वासात म्हणून दाखवायची. ऐकताना मलाच धाप लागायची.

मुलांना शिकवणाऱ्या मॅडम मात्र वस्ताद. दरवर्षी त्या वर्गाला महिनाभर डोंगरातल्या वस्तीवर नेत. तिथली परीक्षा साधी: विद्यार्थ्याने एका रुग्णाला त्याचा आजार समजावायचा, मग रुग्णाने तो मॅडमना सांगायचा. रुग्ण जेवढं बरोबर सांगेल, तेवढेच विद्यार्थ्याचे गुण.

त्या वर्षी मलाही जीपमध्ये घातलं. रस्ता कसला, नुसते खड्डे! एका खड्ड्यात माझं झाकण उघडलं आणि डावं फुप्फुस उडून थेट दरीत. कुणाला पत्ताच नाही. मी ओरडणार कसा? छातीत हवाच नव्हती.

भरधावच्या वाट्याला आले सुतारआजोबा. क्षयरोग झालेला. गोळ्या सहा महिने घ्यायच्या, पण महिन्याभरात खोकला थांबला तशी आजोबांनी गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. घरोघर गोळ्या पोचवणारी वस्तीची आरोग्यताई सांगून सांगून थकली. गोळ्या अशाच पडून राहिल्या तर दुखणं उलटणार आणि आजोबा हातचे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त आजोबांना पटत नव्हतं.

भरधावने माझं झाकण काढलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. समोर आजोबा, मॅडम, अर्धी वस्ती. तिने इकडेतिकडे पाहिलं, पायातली रबरी चप्पल काढली आणि दिली माझ्या छातीत बसवून. मग सुटली भरधाव. आजोबा आपले "हो हो, बरोबर" म्हणत राहिले.

"आजोबा, काय समजलं?" मॅडमनी विचारलं.

"समजलं की! छातीत चप्पल गेली की खोकला होतो. आपण तर बाई जन्मभर अनवाणी."

वस्ती हसून लोटपोट झाली. मॅडमनी वहीत भलं मोठं शून्य काढलं. भरधाव माझ्याआड तोंड लपवून रडली. मला फार वाईट वाटलं. भुवयांमुळे ते दिसलं नसेल.

आरोग्यताई तिच्या कानाशी लागली. "अगं, तूच बोलतेयस मघापासून. त्यांना काही विचार की."

भरधावने डोळे पुसले. पहिल्यांदाच हळू बोलली. "आजोबा, चौकटीला वाळवी लागली तर काय करता?"

"औषध घालतो. पुन्हा पुन्हा."

"दिसेनाशी झाली की थांबता?"

"खुळी का काय तू? वरची मरते गं, आतली असतेच. थांबलं की महिन्यात चौकट..."

 आजोबांनी माझ्या छातीतली चप्पल काढली आणि त्या रिकाम्या खळग्यात बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"म्हणजे माझी आतली अजून आहे?"

"आहे, आजोबा."

मॅडमनी शून्य खोडलं. आजोबांची थुंकी पुन्हा तपासायला गेली, गोळ्या नव्याने सुरू झाल्या, आणि या वेळी शेवटपर्यंत संपल्या.

आता भरधाव त्याच वस्तीच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. बोलते हळू, पण जेवते अजून भरधाव. मॅडमनी मला तिच्याकडे कायमचं धाडलं. त्या वर्षी गोळ्या संपल्या त्या आठवड्यात आजोबा काखेत काहीतरी घेऊन थेट आमच्या वर्गात आले होते: सागवानी डावं फुप्फुस! हृदयासाठी खाचसुद्धा सोडलेली. असं फिट्ट बसलं की आजवर कुणाला निघालेलं नाही.

आजोबांना तपासणीला बोलावलं की म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" पण दर सहा महिन्यांनी स्वतःहून येतात. "तुमच्या माणसाला वाळवी लागली का बघतो," म्हणत माझी छाती ठोकतात. मग भरधाव म्हणते, "आलाच आहात तर तुमचीही ठोकून बघू."

सागवानाला वाळवी सहसा लागत नाही. हे सुताराला ठाऊक नसेल? पण ते बोलत नाहीत, ती बोलत नाही, आणि मी तर प्लॅस्टिकचा. तेव्हा वाचकहो, तुम्हीही आजोबांना काही सांगू नका. आणि कधी मला उघडलंत, तर यकृत उजवीकडे ठेवा. माझ्या उजवीकडे.