माझ्या हातांवरचा जोर

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी लाकडाची, वेताच्या बैठकीची आणि दोन्ही बाजूंना रुंद हात असलेली. चंडीगढ शहर नवंकोरं होतं, तेव्हा तिथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली काही वर्षं सरकारी कचेरीत गेली. पुढे कचेरीत नवं सामान आलं आणि मला विश्राम नावाच्या एका मराठी अधिकाऱ्याने आपल्या क्वार्टरमध्ये आणलं. त्याची आई साताऱ्याहून कायमची राहायला येणार होती, तिच्यासाठी.

रत्नप्रभाबाई पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढी मोठी खुर्ची! मी काय मामलेदार आहे?" मला हसू आलं. त्या बसायच्या त्याही बैठकीच्या कडेला, चप्पल न काढता. भाजी निवडून झाली की माझ्या हातांवर तळवे टेकवून ताडकन उठायच्या. सकाळी सेक्टरच्या बाजारात जाऊन पंजाबी भाजीवाल्याशी मोडक्या हिंदीत घासाघीस करून यायच्या. खुर्चीला माणूस ओळखता येतो तो असा, उठताना तो किती जोर लावतो त्यावरून. त्यांचा जोर मला फार आवडायचा.

मग एका थंडीत जिन्यावर त्यांचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला. डॉक्टरांनी काही आठवडे आराम सांगितला. ते आठवडे संपले, सूज उतरली, पण घरातला आराम काही संपेना. "आई, तू बस. पुन्हा पडलीस तर परमुलखात मी काय करू?" असं विश्राम म्हणायचा. सून सुनेत्रा पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायची. सासूला काम करू दिलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती तिला माहेराहूनच मिळाली होती. मित्रांनो, त्या घरात वाईट कोणीच नव्हतं. म्हणून तर मला जास्त भीती वाटायची.

हळूहळू त्या कडेला बसेनाशा झाल्या. पाठ टेकून खोल रुतून बसू लागल्या. माझ्या हातांवरचा तळव्यांचा जोर कमी झाला आणि पुढे थांबलाच. त्याच सुमाराला शब्द हरवू लागले. आधी शेजारणीचं नाव गेलं. मग आमटीत मीठ घातलं का, हे सुनेला परत परत विचारणं सुरू झालं. एका दुपारी त्यांनी सुनेत्रालाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" सुनेत्रा स्वयंपाकघरात जाऊन रडली. विश्राम म्हणाला, "वय झालंय. आता तिला जपायचं फक्त." अजून जपणार म्हणजे काय करणार होता हा?

नवरात्र आलं. गावापासून लांब पडलेल्या मराठी बायकांनी त्या वर्षी भोंडला सुनेत्राकडे ठरवला. रत्नप्रभाबाई त्याला हादगा म्हणायच्या. त्यांच्या गावची गाणी दुसऱ्या कुणालाच येत नसत, म्हणून सगळ्यांची भिस्त त्यांच्यावर. हॉलमध्ये पाटावर हत्ती काढला आणि मला आजींसकट भिंतीला सरकवलं, त्यांना नीट दिसावं म्हणून.

"आजी, सांगा ना पहिलं गाणं," कोणीतरी म्हणालं.

त्यांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. ओठ हलले, पुन्हा मिटले. नात चित्रा इथेच वाढलेली, ती पटकन बोलून गेली, "आजी सब भूल गई हैं!"

सुनेत्राने तिला डोळ्यांनी दटावलं. पण ऐकायचं ते आजींनी ऐकलं होतं. त्यांचे तळवे घामाने ओले झाले, हे मला कळलं. आणि मग, कित्येक महिन्यांनी, माझ्या हातांवर जोर पडला.

त्या उठत होत्या! वेत करकरला. एवढ्यात कचेरीतून आलेला विश्राम दारातूनच ओरडला, "आई, बस! पडशील!"

"अडवू नको मला, विश्राम." त्यांचा सगळा भार एका बाजूला आला आणि मोझेकच्या फरशीवर माझा मागचा पाय सरकला. मी उलटले असते तर? आजी पडल्या असत्या, आणि पुन्हा कधी कुणी त्यांना उठू दिलं नसतं. मी जिवाच्या आकांताने भिंतीला टेकून उभी राहिले.

विश्राम पुढे धावला. सुनेत्रा मध्ये उभी राहिली. "अहो, उठू द्या त्यांना," ती म्हणाली. नवऱ्याला असं अडवताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. तिने एक हात आजींना दिला. आजींचा दुसरा हात, क्षणभर घुटमळून, विश्रामनेच धरला.

फेर सुरू झाला. पहिली फेरी मुकाट्याने झाली. दुसऱ्या फेरीला आजींनी एक ओळ म्हटली, ती चुकली. त्या थांबल्या, पाय आपटून पुन्हा निघाल्या आणि मग ओळ नीट आली. तिच्या मागून दुसरी आली. पाय पडेल तसं गाणं पुढे सरकू लागलं. बायका मागून म्हणत होत्या आणि विश्राम, चांगला मोठा अधिकारी, बायकांच्या फेरात डोळे पुसत चालला होता.

दुसऱ्या दिवसापासून सगळं लख्ख आठवू लागलं, असं मी सांगणार नाही. खोटं कशाला बोलू? शेजारणीचं नाव गेलं ते गेलंच. पण रोज संध्याकाळी सुनेत्रा त्यांना समोरच्या बागेत चालायला नेऊ लागली. निवडायची भाजी पुन्हा त्यांच्या पुढ्यात आली. "बाई, तुम्ही कुणाच्या?" हे त्या घरात मी परत ऐकलं नाही.

काही वर्षांनी विश्रामची बदली झाली. ट्रक दारात उभा होता. "आई, तुझी खुर्ची घ्यायची ना?" त्याने विचारलं.

"मला कशाला? शेजारच्या सरदारणीबाईंना दे. त्यांचं बसणं फार वाढलंय, तर त्यांना उठायला बरी पडेल," आजी म्हणाल्या आणि माझ्या हातांवरून तळवा फिरवून जिना उतरून गेल्या. कठडा धरून, पण आपल्या पायांनी. मला वाईट वाटलं, खूप वाटलं.

आता माझा वेत फाटलाय आणि मी गच्चीवर पडून असते. माझी काळजी करू नका, मित्रांनो. घरातल्या आजीला खुर्ची जरूर द्या, पण तिला त्या खुर्चीत विसरू नका. तिने हातांवर जोर दिला की "बसा" म्हणू नका. जवळ जाऊन आपला हात पुढे करा.