तेरा जणींची हरकत नाही

मी रुचिता. दिवा स्टेशनजवळ राहते, टायपिंगची कामं घेते आणि माझं डोकं लवकर सटकतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या डोक्यामुळेच झाला.

घोडबंदर रोडच्या मागे डोंगर आहे ना, तिथल्या जंगलाला जाळीचं कुंपण घालायचं चाललेलं. आत फिरायला ट्रॅक, नवीन झाडं, बिबट्या खाली उतरू नये म्हणून बंदोबस्त. लोकांनी येऊन आपल्या हरकती आणि सूचना सांगाव्यात, शुक्रवार संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ, अशी नोटीस लागली. डोंगराखालच्या समाजमंदिरात टेबल मांडलं आणि लोक बोलतील ते लॅपटॉपवर उतरवायला मला कंत्राटावर बसवलं. साहेब होते कुंडलिक भांगरे. माणूस सरळ, पण कामाखाली पार दबलेला.

गुरुवारी सकाळपासून रोडवरच्या टॉवरमधले रहिवासी. पहाटे पाचला गेट उघडा, पार्किंग द्या, आमच्या कुत्र्याला आत सोडा. एका काकांनी तर ऑक्सिजनवर पाऊण तास भाषण ठोकलं. चहा नाही, जेवण नाही, माझं टाळकं आधीच फिरलेलं. त्यानंतर डोंगरालगतच्या पाड्यावरच्या बायका आल्या. आल्या काय, सकाळपासून दारातच उभ्या होत्या बिचाऱ्या. पुढे ठमाबाई, साठीच्या, काटक.

"कुंपणाला हरकत आहे का, मावशी?"

"नाय बाय, कुंपनाला हरकत नाय. पन आमची झऱ्याची वाट..."

"आहे की नाही, तेवढंच सांगा हो! मागे लाइन बघा."

त्यांनी मागे वळून लाइन बघितली. मग हळूच म्हणाल्या, "नाय."

मी 'नाही' दाबलं. कुठल्या दीडशहाण्याने तो फॉर्म बनवलेला देव जाणे, 'नाही' दाबलं की खालचा शेऱ्याचा रकाना बंदच व्हायचा. ठमाबाईंचं बघून बाकीच्या बारा जणीही तेच बोलल्या. तेरा अंगठे, दहा मिनिटांत काम खलास. मी खूशसुद्धा झाले, काय सांगू!

शुक्रवारी दुपारी माजिवड्याच्या ऑफिसात साहेब गोषवारा वाचत होते. "पाड्याच्या तेरा जणींची हरकत नाही. बरं झालं. म्हणजे त्या बाजूला गेट नको, जाळी सलग ओढता येईल."

झऱ्याची वाट त्याच बाजूला, झरा जाळीच्या आत. पाड्यावरचा नळ होळीच्या आधीच आटतो, मग पावसाळ्यापर्यंत प्यायचं पाणी त्या झऱ्याचं, हे त्या बायका दारात उभ्या राहून आपसात बोलत होत्या. मी ऐकलेलं. अहो, मी दिव्याची! टँकरपुढे हंडा लावायला शेजारणीशी हातघाईवर आलेली बाई मी, आणि मीच त्यांचं पाणी तोडलं? लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

"साहेब, चूक झाली. माझ्याकडून." मी सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "अंगठे झालेत, रुचिता. तुझ्या सांगण्यावरून मी नोंद बदलू शकत नाही. ज्याचं म्हणणं त्याने स्वतः येऊन सांगायला हवं. पाचच्या आत."

तीन वाजत आलेले. रिक्षा केली. पाड्यावर पोचले तर घरात एकट्या ठमाबाई, बाकीच्या टॉवरमध्ये कामाला गेलेल्या. मी धापा टाकत सांगितलं. आधी त्यांना पटेचना.

"पन मी बोलले ना तुला, वाट ठेवा म्हनून."

"बोललात. मी लिहिलं नाही. आता साहेबांसमोर 'हरकत आहे' असं बोलायला लागेल."

"साहेबाच्या तोंडावर? असा कसा बोलायचा, बाय? भांडायला आल्यासारखा वाटतो. आपन आधी हरकत नाय बोलायचा, मंग आपलं सांगायचा."

माझी आईसुद्धा असंच बोलते. पाहुण्याने चहा सांडला तरी आधी 'हरकत नाही', आणि मग पोछा कुठंय ते सांगते.

"मावशी, तसं बोलला नाहीत तर जाळी लागेल. वाट कायमची बंद."

त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या.

परत येताना रोड जाम. रिक्षा जागची हलेना, मी रिक्षावाल्यावर, कंटेनरवर, सिग्नलवर, सगळ्यांवर ओरडून घेतलं. ठमाबाई मात्र मलाच विचारत होत्या, "बाय, तुझी चूक कळली तर तुला काढतील काय गो?"

"काढू देत," मी म्हटलं. आतून टरकलेले.

शेवटी रिक्षा सोडली आणि पळालो दोघी. ऑफिसात पाय टाकला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी.

"या मावशी," साहेब म्हणाले. "बोला."

ठमाबाई उभ्याच राहिल्या. हात जोडलेले, ओठ हलतायत, आवाज नाही. मला वाटलं, संपलं.

"हरकत हाय," त्या एकदम बोलल्या, नको तेवढ्या मोठ्याने. "माझी हरकत हाय, साहेब. जाली लावा, पन झऱ्याच्या वाटेला दरवाजा ठेवा. आमी पानी कुठून आनायचा?" मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आन या पोरीची काय चूक नाय. मीच काल उलटा बोलली. तसाच लिवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "एक हरकत आली तरी जागा बघायला मला जावंच लागेल. लिही. मावशी सांगतात ते सगळं लिही."

मी लिहिलं. हरकत: आहे. झऱ्याच्या वाटेवर दरवाजा हवा. आणि शेऱ्यात लिहिलं, आधीच्या तेराही नोंदी टायपिस्टने म्हणणं पूर्ण न ऐकता केल्या आहेत. खाली माझं नाव, आडनावासकट.

ठमाबाईंनी छापून आलेल्या कागदावर अंगठा उठवला आणि त्याच्याकडे बघत विचारलं, "काय लिवलंस, बाय?"

"तुम्ही बोललात तेच," मी म्हटलं.

साहेबांनी कागद ओढून घेतला, शेरा दोनदा वाचला आणि सही केली.