दाराकडे तोंड करून

मी दांडी बोलतेय. भिंतीवरची, लाकडी, बॅलेच्या वर्गातली. आधीच सांगून ठेवते, माझ्यावर काही वाळत घालायचं नसतं. मुलीला पहिल्यांदा घेऊन आलेले आईबाप हटकून तीच चूक करतात. ओला रेनकोट माझ्या अंगावर टाकतात आणि खुर्चीत बसून फोन काढतात. मग बाई नुसत्या एक भुवई वर करतात आणि रेनकोट मुकाट्याने मांडीवर जातो.

आम्ही दोघी आहोत, वरची आणि मी. वरची मोठ्या मुलींच्या कमरेला येते, मी छोट्यांच्या. एकाच सुताराने आम्हाला एकाच ओंडक्यातून काढलं. दिवसभर रंधा मारला, मग काचकागदाने इतकं घासलं की कुसळ औषधालाही उरलं नाही. आम्ही जिन्याच्या कठड्यासाठी आहोत अशी त्याची समजूत होती. बसवायला आला आणि बघतो तर जिनाच नाही.

"बाई, हिला धरून चढायचं कुठे?" त्याने विचारलं.

"इथेच. उभ्या उभ्या," बाई म्हणाल्या.

त्याला काही उमगलं नाही, पण माणूस कामाचा पक्का. स्क्रू त्याने चांगले लांब लावले. आजतागायत मी तसूभर हललेली नाही.

वरचीचा तोरा विचारू नका. तिच्याकडे उंच माना, कडक टोकाचे बूट आणि स्टेजवरच्या गप्पा. माझ्या वाट्याला पडलेले दात, वाहती नाकं आणि ऐन व्यायामात "बाई, शू". पण खरं सांगू का, वरची म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. तिच्याकडे येणारी एकूण एक मुलगी माझ्या हाताखालून गेलेली असते.

आमच्याकडे शाळेसारख्या इयत्ता असतात, त्यांना ग्रेड म्हणतात आणि प्रत्येक ग्रेडच्या शेवटी परीक्षा असते. अगदी लहानग्या माझ्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी मला गच्च धरतात, चालत्या बसमधला खांब धरावा तशा. दुसऱ्या ग्रेडपासून एक हात सुटतो. मग मुली माझ्या कडेने एकीमागे एक उभ्या राहतात आणि दुसरा हात माझ्यावर नुसता ठेवतात. "धरायचं नाही, टेकायचं," असं बाई दिवसातून इतक्या वेळा म्हणतात की मला ते झोपेतही ऐकू येतं. पुढे उंची वाढली की मुलगी वरचीकडे जाते. म्हणजे मुली मला सोडून जातात तेव्हाच माझं काम झालं म्हणायचं. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटलंच तर थोडंसं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे प्रत्येक व्यायाम दोनदा होतो. आधी तोंड पियानोकडे, डावा हात माझ्यावर आणि काम उजव्या पायाचं. मग सगळ्या वळतात. तोंड दाराकडे, उजवा हात माझ्यावर आणि काम डाव्या पायाचं. वळलं की रांग उलटी होते. पुढची मुलगी मागे जाते आणि मागची सगळ्यांच्या पुढे येते.

तर या रांगेत एके वर्षी दोन बहिणी आल्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सातची. त्यांची आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दोन मुलींना दोन वेगळ्या वेळी आणणं तिला जमणार नव्हतं, म्हणून दोघींना एकाच वर्गात घातलं होतं. धाकटी थोरलीला ताई म्हणायची, तर पियानोवाल्या काकांसकट सगळेच तिला ताई म्हणायला लागले. धाकटीला सगळे बिट्टी म्हणायचे, आणि तिच्या एवढ्याशा चणीकडे बघितल्यावर का ते विचारावं लागत नव्हतं.

ताई पियानोच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे. मान उंच, पाठ ताठ, पाय असा सुटायचा की बाईंचा चेहरा खुलायचा. "ताईकडे बघा," त्या म्हणायच्या. बिट्टीला ते सांगावंच लागायचं नाही. तिचे डोळे ताईच्या पाठीला चिकटलेले आणि पाय नेहमी अर्धा ठोका उशिरा.

"बहिणीची नक्कल करते झालं," पालकांच्या खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणायचं.

पण तोंडावर हसू आणता येतं, हाताला काही लपवता येत नाही. पियानोकडे तोंड असताना ताईची बोटं माझ्यावर इतकी हलकी असायची की हात आहे की नाही, कळू नये. आणि दाराकडे वळली की तीच बोटं माझ्यात रुतायची. आता तिच्यापुढे बिट्टी असायची. ताईचे डोळे बिट्टीच्या पाठीला चिकटायचे, आणि बिट्टीचा हात मात्र शांत. तिच्यापुढे दाराशिवाय कोणी नव्हतंच, त्यामुळे ती ओठांतल्या ओठांत मोजत सगळं आपलं आपण करायची.

म्हणजे नक्कल दोघीही करत होत्या, बाजू तेवढ्या वेगळ्या. ताईची नजर तेज, त्यामुळे तिचा उशीर दिसायचा नाही. काकांची आमच्याकडे पाठ. आणि दुसऱ्या बाजूच्या वेळेला बाई सगळ्यात लहान मुलींची पावलं सरळ करत जमिनीवर बसलेल्या असायच्या. बाईंना दोष देत नाही, त्यांना डोळे दोनच आहेत.

दुसऱ्या ग्रेडची परीक्षा झाली. परीक्षेच्या दिवशी आरशावर पडदा ओढतात आणि बाईंना दाराबाहेर उभं करतात, तो नियमच आहे. आत फक्त पियानोवाले काका, टेबलामागे परीक्षक आणि त्यांची छोटी घंटी. बाहेर आया दातांत पिना धरून अंबाडे घालत असतात. घंटी वाजली की मुली छातीवर नंबर लावून ओळीने आत येतात. त्या वर्षी ताईला गुणांचा सगळ्यात वरचा वर्ग मिळाला आणि बिट्टी बेताची पास झाली. दुसऱ्या बाजूला ताईच्या पुढे कोण उभं होतं हे मला एकटीला ठाऊक होतं.

निकालानंतर बाईंनी आईला बोलावून घेतलं. "ताईला तिसरी नको. थेट चौथीला बसवू या," त्या म्हणाल्या.

आईला आनंद मावेना. ताईचा हात तेव्हा माझ्यावर होता. "आणि बिट्टी?" ताईने विचारलं.

"बिट्टी तिसरीला. तिला कुठे गाडी पकडायचीय?"

माझ्यावरच्या तळव्याला घाम फुटला.

तिसरीचा वर्ग चौथीच्या आधी लागूनच असायचा, म्हणून आई दोघींना एकदमच सोडायची आणि आपला वर्ग झाला की बिट्टी ताईसाठी थांबायची. चौथीच्या वर्गात ताईबरोबर दोन मोठ्या, वरचीकडे जायच्या बेतातल्या मुली होत्या. एक जिराफ, एक चष्मेवाली. ही नावं मी ठेवलेली नाहीत, त्यांनीच एकमेकींना ठेवली होती. ताई रोज घाईघाईने येऊन दोघींच्या मधली जागा पकडायची. मध्ये उभं राहिलं की कुठल्याही बाजूला वळा, पुढे कोणीतरी असतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिने असेच गेले, आणि खरं सांगते, त्या पोरीच्या हुशारीचं मला कौतुकही वाटलं आणि तिची काळजीही.

परीक्षा जवळ आली तशी बाईंनी मुलींना परीक्षेच्या क्रमाने उभं केलं. उंचीप्रमाणे. पियानोकडे तोंड केल्यावर जिराफ पुढे, मग चष्मेवाली, सगळ्यात मागे ताई. पहिली बाजू सुरेख झाली. मग सगळ्या वळल्या. ताईपुढे आता दार, दारावर खुंटी आणि खुंटीवर बाईंचा कोट. कोटाला काय विचारणार?

तिचा पाय पुढे जायचा तो मागे गेला. ती थांबली. "बाई, पिन टोचतेय." पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. "बाई, पाणी."

"परीक्षेत पाणी मिळत नाही हं," बाई हसून म्हणाल्या. त्यांना ती दमलीय असं वाटलं.

वर्ग सुटला. आईला रोजच्यासारखा उशीर होणार होता. बाई पलीकडच्या खोलीत फोनवर होत्या. हॉलमध्ये दोघी बहिणी आणि आम्ही दोघी.

"मी परीक्षा देणार नाही," ताई म्हणाली.

"पोटात दुखतंय?"

"नाही. मला डावी बाजू येत नाही."

"चौथीची?"

"कुठलीच. दुसरीचीपण येत नव्हती. तू पुढे असायचीस ना."

मला वाटलं, बिट्टी आता हसेल, नाहीतर आई आल्या आल्या चहाडी करेल. त्या वयात चहाडीइतका गोड खाऊ नसतो. पण ती नख कुरतडत उभी राहिली.

"मला वाटायचं, तू मागून माझ्या चुका मोजतेस," ती म्हणाली. "म्हणून मी पाठ करायचे. बाथरूममध्ये. टॉवेलची दांडी धरून."

"म्हणून तू तासभर आत बसायचीस?"

"मग काय. बाबा दार वाजवायचे तरी मी उघडायचे नाही."

ताईला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. "मग मला शिकव ना."

"मला चौथीचं कुठे येतंय?"

मग बिट्टीने ताईचं मनगट धरलं, तिला दाराकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः तिच्या मागे जाऊन माझ्यावर हात ठेवला.

"आता तू कर. तू करशील तस्संच मी करणार. चुकलीस तर मीपण चुकणार. पुढच्या वर्षी माझी चौथीची परीक्षा असेल ना, तेव्हाही तस्संच करणार. बाईंनी विचारलं कोणी शिकवलं, तर तुझं नाव सांगणार."

"ही धमकी आहे?"

"हो," बिट्टी म्हणाली.

पहिल्या दिवशी ताईने मला इतकं आवळलं की सुताराच्या स्क्रूंचीही कसोटी लागली. पाय कुठे जातोय याचा तिला पत्ता नव्हता, आणि मागे बिट्टी इमाने इतबारे तोच गोंधळ घालत होती. पण आईला यायला उशीर व्हायचा आणि त्या रोज उभ्या राहायच्या. "ताई, काल तू आधी पुढे नेला होतास, आज मागे," बिट्टी मागून सांगायची. ताई पुन्हा सुरुवात करायची. तिला आता धाकटीला चुकीचं शिकवायचं नव्हतं. स्वतःपुरतं असतं तर तिने कधीच सोडून दिलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

परीक्षा आली. सकाळी बिट्टी तिच्या तिसरीच्या मुलींबरोबर येऊन गेली. दुपारी घंटी वाजली आणि चौथीच्या तिघी आत आल्या. पियानोकडच्या बाजूची काळजी नव्हती. मग तिघी वळल्या. कोट आज काढलेला होता, नुसती खुंटी होती. ताईच्या मागे बिट्टी नव्हती.

तिचा हात आला आणि त्याने मला घट्ट आवळलं. काकांनी सुरुवातीचे सूर वाजवले. मी लाकूड असले तरी त्या घटकेला मला धडकी भरली. आणि मग तिची बोटं एकेक करून सैल झाली. डावा पाय सुटला. पुढे गेला, कडेला गेला, मागे गेला, जिथे जायचा तिथेच गेला. एका ठिकाणी तो जरा आधी निघाला, तरी ती थांबली नाही, पुढच्या ठोक्यावर तिने त्याला गाठलं. तेवढ्यात माझ्यावर दुसरीकडे एक हात चाचपडला. चष्मेवालीची मोजणी चुकली होती. क्षणभराने तिचाही हात शांत झाला, कारण तिने डोळे उचलून पुढे ताईच्या पाठीकडे बघायला सुरुवात केली होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ताई आणि बिट्टी दोघी पुढे वरचीकडे गेल्या. मधल्या जागी माझं पॉलिश उडालंय, पण अंग अजून गुळगुळीत आहे आणि मला भरपूर काम आहे. बाई आता अधूनमधून व्यायाम दाराकडून सुरू करतात, आणि रांगेतल्या पुढच्या मुलींची कशी भंबेरी उडते ते बघण्यासारखं असतं. आईबापांना माझं एकच मागणं आहे. निकालाच्या दिवशी मुलीने काय मिळवलं ते आधी तिलाच सांगू द्या. का, ते कळावं म्हणून त्या दोघींच्या निकालाच्या दिवसाचं सांगते आणि तुमचा निरोप घेते.

निकाल सांगायला बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं. आई कधी नव्हे ती वेळेवर आली होती. बिट्टीला तिसरीत सगळ्यात वरचा वर्ग मिळाला. ताई चौथीत मधल्या वर्गात आली. आईचा चेहरा उतरला, पण ती चटकन सावरली आणि तिने ताईला जवळ घेतलं.

"असू दे गं. पुढच्या वेळी वरचा मिळेल."

"आई, मला डावी बाजू आली," ताई म्हणाली. तिचा चेहरा बिट्टीपेक्षाही फुललेला होता.

"आली म्हणजे? आधी कुठे गेली होती?"

"माझ्याकडे होती," बिट्टी म्हणाली.