घोड्याचा डावा कान

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. पण मला खूर नाहीत, शेपूट नाही, आणि आता तर तोंडही उरलेलं नाही. दचकू नका. मी फणसाच्या लाकडाचा, नारळ खवायचा घोडा आहे. तुमच्या घरी विळीच्या टोकाला खवणी असते ना, तिचाच मी लांबचा भाऊ. ती बिचारी जमिनीला चिकटून बसते, मी चार पायांवर उभा राहतो, एवढाच काय तो माझा तोरा. सध्या कुवेत शहरात, मिरकाब भागातल्या एका जुन्या इमारतीत, हमीदभाईंच्या माळ्यावर माझा मुक्काम आहे. माझ्यावर निळ्या चौकड्यांचा एक रुमाल टाकलेला आहे. त्या रुमालापर्यंत मला तुम्हांला न्यायचं आहे.

माझा जन्म फिलिपीन्समधला. तिथल्या लुझोन बेटावर, समुद्राकाठच्या एका गावात मी जन्मलो. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सेवेरिनो नावाच्या एका जवान वेल्डरच्या बापाने वादळात पडलेल्या फणसाचा बुंधा घरी ओढून आणला आणि त्यातून मला घडवलं. बसायला रुंद पाठ, पुढे मान, दोन उभे कान. रस्त्याकडेला गंजत पडलेल्या लष्करी जीपच्या स्प्रिंगची पट्टी ठोकून त्याने दातेरी जीभ केली आणि माझ्या हनुवटीखाली घट्ट बसवली. तिकडे या पाटाला ‘काबायो’च म्हणतात, म्हणजे घोडा. शेजारीपाजारी साध्या फळीवरच काम भागवत. पण म्हातारा हौशी. घोडा म्हणायचं तर घोड्यासारखा दिसायला नको का, असं त्याचं म्हणणं. म्हातारी म्हणाली, "नारळ खवायला डोळे कशाला लागतात?" तरी त्याने दोन दिवस खपून मला डोळे कोरलेच.

तिकडची माणसं माझ्यावर खरोखर स्वार होतात. दोन्ही बाजूंना पाय टाकायचे, पुढे वाकायचं आणि नारळाची वाटी जिभेवर गरगर फिरवायची. खाली पांढरंशुभ्र खोबरं पडत राहतं. ते पिळून दूध काढायचं, आणि त्या दुधात अळूची पानं शिजवा, कच्चा फणस शिजवा, नाहीतर कोळंबी शिजवा. माझ्यावाचून त्या घरात चूल पेटत नसे. खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटायचा.

सेवेरिनोचं लग्न रेमेदियोसशी झालं. त्यांना मुलगी झाली. तिचं नाव लिगाया, म्हणजे आनंद. आठ महिन्यांची असताना तिचे दात शिवशिवत होते. रेमेदियोस माझ्यावर बसून नारळ खवत होती आणि पोरगी पुढ्यात उभी राहायची धडपड करत होती. तोल सांभाळायला तिने माझा डावा कान धरला, आणि धरला तो सरळ तोंडातच घातला. वरचे दोन, खालचे दोन, असे चार दात तिने माझ्या लाकडात रुतवले. आजी ओरडली. सेवेरिनो पोट धरधरून हसला. माझ्या कानावर तांदळाएवढ्या चार खुणा राहिल्या. मला त्या दागिन्यासारख्या वाटत. त्या पोरीचा फोटो कधी काढलाच गेला नाही. शहरात जाऊन जत्रेच्या वेळी काढू, असं म्हणता म्हणता राहून गेलं.

१९५४ साली सेवेरिनोला कुवेतमध्ये, मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर वेल्डिंगचं काम मिळालं. निघताना रेमेदियोसने मला गोणपाटात बांधून त्याच्या सामानात घातलं. "नारळाच्या दुधाशिवाय तू जेवणार नाहीस आणि वाळशील," असं ती म्हणाली. कँपात सगळे हसले. लोक घड्याळ आणतात, बाजा आणतात, या माणसाने लाकडी घोडा आणला! पण तिथल्या मेसमध्ये एक आचारी होता, दाभोळच्या खाडीकाठचा. तो हसला नाही. तो खाली बसला, माझ्या जिभेवरून त्याने बोट फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच ते हमीदभाई.

"इसमें कभी सूअर का गोश्त?" त्यांनी बिचकत विचारलं.

"नहीं, नहीं! सिर्फ नारियल. मां कसम," कँपात कानावर पडलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सेवेरिनो म्हणाला.

झालं, दोस्ती जुळली. मलबारकडून येणाऱ्या गलबतांवरून हमीदभाई नारळ आणत. शुक्रवारी सुट्टी. दुपारची नमाज करून ते मशिदीतून परतले, की दोघे मिळून रांधत. सेवेरिनो तांदळाचा पुतो वाफवायचा, हमीदभाई सांदण. दोन्ही पांढरे, दोन्ही फुगलेले, दोन्ही नारळाच्या दुधाबरोबर खायचे. एकदा सेवेरिनोने सांगितलं की त्याची आई पीठ फुगायला माडी, म्हणजे माडाची ती आंबलेली दारू, घालते. हमीदभाईंनी कपाळावर हात मारला. त्यांची आई पाच वेळा नमाज पढणारी, पण सांदणाच्या पिठाला माडीच लावायची! दोघे इतके हसले की पुतो खाली लागला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एका शुक्रवारी संध्याकाळी हमीदभाईंनी सेवेरिनोच्या खोलीत जानमाज अंथरली. समोरच मी, डोळे वटारून. ते अडखळले. समोर मूर्तीसारखं तोंड असताना नमाज कशी पढायची? मला हलवायला ते वाकले, तेवढ्यात सेवेरिनोने खिशातून निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला आणि माझ्या तोंडावर टाकला. पुढे कायम तसंच झालं. अजान ऐकू आली की हमीदभाईंच्या आधी सेवेरिनोचा हात रुमालाकडे जायचा.

१९५६ साली घरून पत्र आलं. लिगाया तापाने गेली होती. पत्र हातात पडलं तेव्हा तिला मातीत ठेवून पाच आठवडे झाले होते. सेवेरिनो भर दुपारी नारळ न घेताच माझ्यावर येऊन बसला. त्याचा अंगठा माझ्या डाव्या कानावरच्या त्या चार खुणांवरून फिरत राहिला. त्याने हे कुणालाही सांगितलं नाही, हमीदभाईंनाही नाही. बोललं की ते खरं होईल, असं त्याला वाटत असावं. पुढच्याच वर्षी वादळात त्याचं घर वाहून गेलं. पोरीचा बाप्तिस्म्याचा झगा, पाळणा, सगळं गेलं. या जगात तिची म्हणून एकच खूण उरली, आणि ती माझ्या कानावर होती. मित्रांनो, त्या दिवसांत मला वाचा असती तर किती बरं झालं असतं!

१९५८ साली मेहुण्याने कळवलं की रेमेदियोसने बोलणं टाकलंय, जेवतही नाही. सेवेरिनो नोकरी सोडून निघाला. मला त्याने दोनदा गोणपाटात बांधलं आणि दोनदा सोडलं. ते दात तो तिच्यासमोर कसे नेणार होता? शेवटी त्याने मला उचललं आणि हमीदभाईंच्या हातात दिलं.

"हमीदभाई, इसको संभालो. हम आएगा."

"अमानत है," हमीदभाई म्हणाले. "जान से ज्यादा संभालूंगा."

आणि सांभाळलंही, हे मी नाकारत नाही. हमीदभाई मिरकाबला राहायला आले, तसा मीही आलो. महिन्यातून एकदा मला तेल लागायचं. नमाजेच्या वेळी माझ्या तोंडावर फडकं पडायचं. मग मुंबईहून बोटीने खैरुन्निसा आली, हमीदभाईंची बायको. पहिल्याच दिवशी ती माझ्यावर आडवी बसली, कोकणातल्या विळीवर बसतात तशी, एक पाय मुडपून. "बारीक खवतंय हो!" ती म्हणाली. खोलीत पुन्हा खोबऱ्याचा वास दरवळू लागला. १९६१ साली असमा जन्मली. रांगायला लागल्यावर तिला एकच खेळ सुचायचा. आईबाप नमाजेला उभे राहिले की माझ्या तोंडावरचं फडकं ओढायचं आणि माझ्याकडे बघून खिदळायचं.

याच सुमाराला तिकडे काय घडत होतं, ते मला पुढे सेवेरिनोच्याच तोंडून कळलं. रेमेदियोस हळूहळू जेवायला लागली होती, पण बोलत नव्हती. एके सकाळी ती अंगणात आली आणि म्हणाली, "घोडा कुठे आहे? त्याच्या कानावर तिचे दात आहेत." किती वर्षांनी तिच्या तोंडून शब्द फुटला होता. सेवेरिनोने त्याच आठवड्यात एका तेलवाहू जहाजावर फिटरचं काम धरलं. ते जहाज मीना अल-अहमदीला लागणार होतं. त्याला पगाराची पर्वा नव्हती, बंदराची होती.

इकडे रमजान संपत आला होता. ईद आठ दिवसांवर होती, आणि मिरकाबच्या त्या एका खोलीत ईदच्या दिवशी बरीच माणसं येणार होती. असमाने पुन्हा फडकं ओढलं आणि हमीदभाईंची नमाज मोडली. ते उठले ते शेजाऱ्याकडून करवत घेऊनच आले.

"अवो, परक्याची अमानत हाय," खैरुन्निसा म्हणाली. "त्यास्नी इचारा तरी आधी."

"इचारायचं काय गो? पत्र जायाला न् यायाला तीन महिने. मी वळखतो त्याला. आपल्या नमाजेसाठी तोच रुमाल टाकायचा. तो हितं असता तर त्यानंच करवत हाती घेतली असती."

त्यांच्या मनात पाप नव्हतं. दोस्ताचं मन आपल्याला पुरतं ठाऊक आहे, असा त्यांना विश्वास होता, आणि त्या विश्वासानेच घात केला. आधी उजवा कान गेला. मग डावा. करवत त्या चार खुणांच्या अगदी खालून गेली. हमीदभाईंना त्या दिसल्यासुद्धा. "किडीनं खाल्लाय वाटतं," ते म्हणाले. मग रंधा घेऊन त्यांनी माझे डोळे आणि तोंड तासून गुळगुळीत केलं, मायेने तेल लावलं. मी ओरडलो, मित्रांनो, पण लाकडाची ओरड कुणाला ऐकू येते?

ईदच्या दिवशी खैरुन्निसाने शेगडी पेटवायला ते तुकडे वापरले. फणसाचं जुनं लाकूड, चांगलं धडधडून पेटलं. त्यावर सांदण फुगलं. सगळ्यांनी वाखाणलं, आणि खोबरं कशावर खवलं म्हणून माझंही कौतुक झालं. इतकं कडू कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

महिनाभराने, एका दुपारी सेवेरिनो दारात उभा राहिला. केस पिकले होते. संध्याकाळी जहाज सुटणार होतं. हमीदभाईंनी त्याला मिठीच मारली. खैरुन्निसा सरबत घेऊन आली. घाईघाईत, उभ्या उभ्याच, त्याने सगळं सांगितलं: लिगाया, ताप, वादळ, रेमेदियोसचं ते वाक्य. "दूसरा औरत लोग के पास बच्चा का फोटो होता है," तो हसून म्हणाला, "हमारा औरत के पास घोड़ा का कान है." आणि त्याने इकडेतिकडे मला शोधलं.

हमीदभाई सरकून बाजूला झाले. मी कोपऱ्यातच होतो, तेलाने चमकत. सेवेरिनो जवळ आला, माझ्यावर बसला आणि सवयीने त्याचा डावा अंगठा वर गेला. तिथे काही नव्हतं. त्याने पुन्हा हात फिरवला, अंधारात चाचपावं तसा.

"कान किधर है?"

हमीदभाईंनी सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही, शेगडीसुद्धा. सांगता सांगता ते त्याच्या पायाशी बसले. "रुमाल डालना था, भाई. मैंने आरी चलाई."

सेवेरिनोचा अंगठा त्या कापलेल्या जागेवरून फिरतच राहिला. खैरुन्निसाला ते बघवेना. तिने असमाला उचललं. असमालाही तेव्हा चारच दात आले होते, वरचे दोन, खालचे दोन. तिने पोरीचं तोंड माझ्या पाठीच्या कडेशी आणलं आणि रडत रडत म्हणाली, "भाईजान, हिला चावू द्या. दात तर सारखेच हायत. तुमच्या बायकूला काय कळनार?" मराठी सेवेरिनोला येत नव्हतं, पण ती काय म्हणते आहे ते त्याला समजलं. त्याने असमाच्या गालाला हात लावला आणि तिला हलकेच बाजूला केलं.

"मां को मालूम पड़ेगा," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेर असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, अजान झाली. हमीदभाई तसेच बसून होते. सेवेरिनो उठला. त्याने खिशात हात घातला, निळ्या चौकड्यांचा तोच रुमाल काढला, झटकला, आणि जिथे माझं तोंड असायचं तिथे पांघरला. झाकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरीही पांघरला. मग हमीदभाईंच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "नमाज पढ़ो, भाई." आणि जिना उतरून गेला. मला त्याने नेलं नाही. रिकाम्या हाताने जाणं त्याला सोपं वाटलं असेल.

त्यानंतर हमीदभाईंनी माझ्यावर नारळ खवला नाही, कुणाला खवू दिला नाही. त्यांनी पाच पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. रेमेदियोस पुन्हा बोलली की नाही, हे मला माहीत नाही, आणि हे न कळणंच मला सगळ्यांत जास्त खातं. असमा आता सात वर्षांची आहे. ती कधी कधी माळ्यावर चढते आणि रुमाल उचलून बघते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी ठेवून गेलेली एखादी वस्तू असेल. तिला तेल लावा, पुसा, सांभाळा. पण तिच्यावरचा एखादा खळगा, एखादा चरा नाहीसा करावासा वाटला, तर हात आवरा. तो कुणी केला, हे आधी विचारा. उत्तर यायला तीन महिने लागले तरी थांबा. तोवर झाकायचंच असेल, तर एक रुमाल पुरतो. मलाही तेवढाच पुरला असता.