ट्रेलर लावून झाल्यावर

आर्डिसने राहायचा ट्रेलर मागे जोडलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध थांबवला, तशा आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या तिच्याकडे वळल्या. विस्कॉन्सिनच्या त्या तळ्याकाठच्या पार्कात, सुट्टीला ट्रेलर घेऊन येणाऱ्यांच्या तळावर, शुक्रवारी संध्याकाळी दुसरी करमणूक नसते. ज्यांचे ट्रेलर लागलेत ते बिअरचा डबा हातात घेऊन बसतात आणि ज्यांचे लागायचेत त्यांची फजिती बघतात. आर्डिसनेही आजवर ती मनसोक्त बघितली होती.

पण आजवर ट्रकच्या स्टिअरिंगचं चाक डेलमारच्या हातात असायचं. लग्नापासूनचा रिवाजच तो. नवरा ट्रेलर मागे घेणार, बायको मागे उभी राहून हात हलवणार. झाड आलं की दोन्ही हात डोक्यावर, विजेचा खांब आला की मूठ. ट्रेलर नीट लागला की शेजारचे पुरुष येऊन डेलमारच्या पाठीवर थाप मारायचे, आणि आर्डिस आत जाऊन बटाटे सोलायला घ्यायची. तिच्या हातांबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

यंदाच्या वसंतात डेलमारच्या डोळ्यांत मधोमध डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्यावर डेलमारने परस्पर निकाल दिला : "उन्हाळा संपता संपता ट्रॅव्हिस येईल ट्रेलर न्यायला. आता कोण लावणार तो?"

ट्रॅव्हिस म्हणजे त्याचा भाचा.

"मी लावेन," आर्डिस म्हणाली.

डेलमार हसला होता. "लावून दाखव. लागला तर ठेवू, नाहीतर ट्रॅव्हिस घेऊन जाईल."

आर्डिससाठी तो ट्रेलर म्हणजे नुसती पत्र्याची पेटी नव्हती. घरी डेलमार हल्ली अंधाऱ्या खोलीत टीव्ही ऐकत बसायचा. इथे निदान पाण्याशी जाऊन बसायचा, कुणाशी चार शब्द बोलायचा. ट्रेलर गेला की दोघांचं ते बसणंही गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सबंध उन्हाळा ती चर्चच्या रिकाम्या मैदानात ट्रेलर मागेपुढे करत होती. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते, ही उलटी चाल अंगवळणी पडायला वेळ लागतो. शेवटी तिने आपली युक्ती काढली : हात चाकाच्या तळाशी धरायचा. मग हात जिकडे, शेपूट तिकडे.

ट्रॅव्हिस परवा, रविवारी, यायचा होता. आता ट्रेलर फक्त मागे घ्यायचा होता. आणि मागे उभा होता डेलमार.

त्याने हात डावीकडे केला. तिने शेपूट डावीकडे नेली. डेलमार ओरडला, "अगं चाक! चाक डावीकडे म्हणतोय मी!"

"मी तुला कधी चाक दाखवलं होतं का? मी शेपूट दाखवायचे!"

"मग मी काय तुझ्यासारखा हात नाचवू?"

ट्रेलर आडवा झाला. खुर्च्यांमध्ये कुणीतरी चुकचुकलं, आणि उंटावरून शेळ्या हाकणारे उठले. पहिला आला समोरच्या जागेतला ड्युएन. पोट पुढे, टोपी मागे.

"हनी, चाक उजवीकडे घे. पूर्ण उजवीकडे."

"उजवीकडे कसं घेईल? खांब आहे ना!" दुसरा म्हणाला.

"बाई, आधी सरळ पुढे जा, मग..." हा तिसरा. याचा स्वतःचा ट्रेलर दोन जागांच्या मध्ये तिरका उभा होता, पण त्याची लाज कुणाला!

ड्युएनने दारावर हात टेकला. "उतर हनी. मी एका झटक्यात लावून देतो."

आणि डेलमार, तिचा डेलमार, मागून म्हणाला, "दे ना गं. माणूस एवढा मदत करतोय."

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तळावरच्या लोकांचा एक अलिखित कायदा आहे : ट्रेलर लावताना नवरा-बायको जे बोलतात ते मनावर घ्यायचं नाही. लावून झालं की संपलं. या एका कायद्यावर कितीतरी संसार टिकलेत.

"हात काढा," ती ड्युएनला म्हणाली, "आणि माझं नाव हनी नाही."

तिने काच वर केली, ट्रेलर सरळ केला आणि तळाला सावकाश एक वळसा घालून परत आली. आता डेलमार पाइनच्या बुंध्याआड सरकला होता. आरशात त्याचा हात नाही की पाय नाही. उलट बरंच झालं! ती उतरली, मागे जाऊन खांब बघितला, टेबल बघितलं, परत चढली. थोडं मागे घेतलं, पुन्हा उतरून बघितलं. कुणी हसलंही. हसू दे. हात चाकाच्या तळाशी ठेवून तिने शेपूट तळ्याच्या बाजूला वळवली आणि ट्रेलर आपल्या जागेत गेला, दांडीला पडदा सरकावा तसा.

तिने ब्रेक ओढला, चाकांना ठोकळे लावले. आनंदाने तिला रडू येईलसं वाटलं.

एवढ्यात ड्युएन आला. आला तो सरळ डेलमारकडे. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा गड्या! बायकोकडून काय झकास लावून घेतलास!"

आर्डिस नवऱ्याकडे बघत राहिली. आता तो सांगेल, तिला वाटलं.

डेलमार हसला. "इतक्या वर्षांचा सराव आहे रे. तिला जरा सांभाळून घ्यावं लागतं, एवढंच."

ती हाताने दाखवत होती तेव्हा शाबासकी चालवणाऱ्याला. ती चालवते आहे तर शाबासकी हाताने दाखवणाऱ्याला! आणि दाखवणारा तरी कुठला, झाडामागे लपलेला!

"डेल," ती म्हणाली, "काय म्हणालास?"

त्याला तिचा आवाज कळला. "अगं, ट्रेलर लावताना बोललेलं मनावर घ्यायचं नसतं..."

"लावताना नाही. ठोकळे लागलेत. हे लावून झाल्यावर बोललास. हे धरलं जाणार."

तिने वाकून ठोकळे काढले. दोघे पुरुष बघत राहिले. ती ट्रकमध्ये चढली आणि नीट लागलेला ट्रेलर तिने पुन्हा रस्त्यावर आणला.

"डोकं फिरलंय का तुझं?" डेलमार ओरडला.

"तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बस. तोंड पाण्याकडे. मागे वळायचं नाही. आणि तुम्ही," ती ड्युएनला म्हणाली, "आपल्या जागेत जा. दुसऱ्याच्या जागेतून न विचारता फिरत नाहीत, एवढी रीत तरी तुम्हाला माहीत असेल."

ड्युएन निमूट गेला. डेलमार चाचपडत बाकावर जाऊन बसला.

आणि आर्डिसने तोच ट्रेलर त्याच जागेत पुन्हा लावला. कुणी हात हलवला नाही, कुणी तोंड उघडलं नाही, कुणाचा बिअरचा डबा वाजला नाही. या खेपेस तो किंचित तिरका लागला. तिने तो तसाच ठेवला. ट्रेलर तिचा, तिरकेपणाही तिचाच.

मग ती बाकापाशी गेली. "ट्रॅव्हिसला फोन लाव."

डेलमारने फोनला नाव सांगितलं. पलीकडून हॅलो आलं.

"ट्रॅव्हिस, रविवारी येऊ नकोस. ट्रेलर द्यायचा नाही." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "मामीने लावला. एकटीने. नाही रे, मी नाही दाखवलं. मी पाण्याकडे तोंड करून बसलो होतो."

"आणि पहिल्यांदा?" आर्डिसने विचारलं. "पहिल्यांदा कुणी लावला ते सांग त्याला."

डेलमारने फोन कानापासून जरा लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"पहिल्यांदाही तिनेच," तो म्हणाला. "मी झाडामागे होतो."