चॅपलमध्ये नाव घेताना

केंब्रिजच्या त्या जुन्या कॉलेजात मास्टर, म्हणजे कॉलेजचा प्रमुख, निवडायचा झाला, की सगळे फेलो, म्हणजे तिथली सभासद मंडळी, चॅपलमध्ये जमतात, दार आतून बंद होतं आणि एकेकानं उभं राहून आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं असतं. सुरुवात सगळ्यांत नव्या फेलोपासून, शेवट सगळ्यांत जुन्यापाशी. मोठ्यांचं ऐकून लहानांनी बिचकू नये म्हणून ही रीत पाडली म्हणे. पाडणाऱ्यावर स्वतः पहिलं नाव घ्यायची वेळ कधी आली नसणार.

यंदा उमेदवार दोनच. एक क्रॉफर्ड, कॉलेजचा कारभार हाकणारा, उंच, गोडबोल्या. दुसरे आपले डॉ. पद्माकर गद्रे. नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात आले, मग कॉलेजात शिकवू लागले आणि 'नाही' म्हणता न आल्यामुळे निम्म्या कमिट्यांवर जाऊन बसले. भिडस्त माणूस! उमेदवारीसुद्धा स्वतःहून मागितली नव्हती. वरदानं आणि आणखी दोघाचौघांनी गळ घातली म्हणून उभे राहिले.

वरदा पुण्याची. प्राकृत शिकवायची, आणि कॉलेजातली सगळ्यांत नवी फेलो तीच. ज्या विषयाला विद्यार्थी नाहीत तो बंद करणार, असं क्रॉफर्डनं उघडच सांगितलं होतं. म्हणजे वरदाची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. गद्रे मास्टर झाले तर विषय राहणार होता. तसा त्यांनी तिला शब्द दिला होता.

निवडणुकीच्या सकाळी गद्र्यांना त्यांच्या बायकोनं, सुलक्षणाबाईंनी बजावलं, "अहो, तुमची टर्न आली की सरळ स्वतःचं नाव घ्या. इट्स अलाउड, तुम्हीच म्हणालात ना?"

"बघू."

"बघू काय? लग्नात एवढ्या लोकांसमोर उखाण्यात घेतलं की मी तुमचं नाव! तुम्हाला तुमचंच घ्यायला काय होतं? भीड भिकेची बहीण असते हो."

गद्रे टायची गाठ सारखी करत बसले.

चॅपलचं दार बंद झालं. वरदा उभी राहिली. क्रॉफर्ड बरोबर तिच्या समोरच्या बाकावर होता, तिच्याकडे बघून मंद हसत. तिनं गाउनची कड मुठीत आवळून धरली होती.

"गद्रे," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण नाव सगळ्यांना ऐकू गेलं.

मग नावं पडत गेली. क्रॉफर्ड. गद्रे. क्रॉफर्ड. पुन्हा क्रॉफर्ड. आपण सपशेल पडू आणि सुटू, अशी गद्र्यांची मनातल्या मनात तयारी होती. पण तसं होईना. ज्याची कुणालाच खात्री नव्हती तो गणिताचा प्रोफेसरही गद्र्यांचं नाव घेऊन खाली बसला. गद्र्यांनी टायची गाठ पुन्हा चाचपली.

त्यांची पाळी आली तेव्हा ते एका मतानं पुढे होते. त्यांच्यानंतर एकटा क्रॉफर्डच उरला होता, सगळ्यांत जुना फेलो. बरोबरी झाली तर जुना तो मास्टर, असा तिथला नियम. गद्र्यांनी स्वतःचं नाव घेतलं की खेळ संपला. हे बाकाबाकावर प्रत्येकाला कळत होतं. वरदा तर श्वास रोखून बघत होती.

गद्रे उठले. आडनाव ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. आपली पाठ आपणच थोपटायची? या सगळ्यांच्या देखत? आणि आपण पुढे तर आहोतच. क्रॉफर्ड काही झालं तरी सभ्य माणूस. तो कशाला स्वतःचं नाव घेईल?

"मी तटस्थ राहतो," ते इंग्रजीत म्हणाले. "स्वतःला मत देणं मला प्रशस्त वाटत नाही."

बाकांवरून कौतुकाची कुजबुज उठली. गद्र्यांना क्षणभर फार बरं वाटलं. वरदानं डोळे मिटून घेतले.

क्रॉफर्ड सावकाश उठला. "क्रॉफर्ड," तो म्हणाला, जणू आणखी एक कप चहा मागवत होता. त्याच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता. त्याला पद हवं होतं, त्यानं मागितलं आणि त्याला ते मिळालं.

टाळ्या झाल्या, दार उघडलं. बाहेरच्या अंगणात गद्र्यांनी वरदाला गाठलं.

"वरदा, आय ॲम सो सॉरी. मला वाटलं तोही घेणार नाही. असं स्वतःच स्वतःसाठी... आपल्यात बरं दिसत नाही गं."

"सर, मी सगळ्यांत आधी उभी राहिले. त्याच्या तोंडासमोर."

"तू फार ब्रेव्ह आहेस."

"ब्रेव्ह नाही सर, मला जॉब हवा होता! तुम्हाला फक्त तुमचं नाव घ्यायचं होतं. आणि तेही तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

गद्र्यांना तोंड वर करवेना. जन्मभर ज्या गुणाचं लोकांनी कौतुक केलं, त्याची किंमत आज ही मुलगी मोजणार होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. काहीतरी बोलायलाच हवं होतं. तिच्यासाठी क्रॉफर्डशी भांडेन, निदान एवढं तरी.

तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. "पद्मा," नवा मास्टर मनापासून म्हणाला, "यू आर अ ट्रू जंटलमन."

वरदा समोरच उभी होती. आणि गद्र्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थँक यू."